पहिली पुडी कोणी दिली?

(कोल्हापूर येथे शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत झालेले भाषण)



सभेस येताना वाटेत एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "हल्लीची पोरे बिघडली, त्यावर बोलणार ना?" आम्ही म्हटले, "नाही. पोरांच्या आईबापांवर बोलणार आहोत." गृहस्थ हसले, आणि सभेस काही आले नाहीत. असो. जे आले आहेत त्यांच्याशी बोलू.

आमचा प्रश्न साधा आहे. तुमच्या मुलाच्या हातात तंबाखूची पहिली पुडी कोणी दिली? तुम्ही म्हणाल, वाईट संगतीने. कोणी म्हणेल, कॉलेजच्या पोरांनी, कोणी म्हणेल, पानपट्टीवाल्याने. मंडळी, नीट आठवून पाहा. सात-आठ वर्षांचे पोर ओसरीवर खेळत असते. घरातला वडीलधारा हाक मारतो, "बाळ्या, पळ, दुकानातनं पुडी घेऊन ये. उरल्या पैशाची गोळी घे तुला." पोर पळत जाते, पुडी आणते, गोळी चघळते. काही दिवसांनी तेच पोर चुना लावून तळहातावर तंबाखू मळून देऊ लागते, आणि आजा कौतुकाने म्हणतो, "काय झकास मळतोय बघा!" तिकडे चुलीपाशी आई तव्यावर मिसरी भाजते. तिचे बघून पोरगी बोट दातांवर फिरवते. यात वाईट संगत कोठे आली? ही तर घरचीच संगत झाली.

आम्ही हे दुसऱ्याचे सांगत नाही. आम्ही स्वतः लहानपणी थोरल्यांची चंची भरून दिली आहे, आणि शाबासकीही घेतली आहे. आमच्याबरोबर शर्यत लावून दुकानाला पळणारा आमचा एक जोडीदार चाळिशीच्या आत तोंडाच्या कर्करोगाने गेला. शेवटचे दोन महिने त्यास तोंड उघडून घोटभर पाणी घेता येत नव्हते. त्यास पुडी आणण्यास धाडणारे चुलते त्याच्या मयतीस खांदा देत होते. चुलते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोरावर जीव टाकला होता. आमचे सारे बोलणे याच चुलत्यांसाठी आहे, कारण असे चुलते आपणा सर्वांच्या घरी आहेत.

२०१९ साली देशभरच्या शाळांतून १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींची तंबाखूविषयी पाहणी झाली. शंभरांत साडेआठ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. परंतु आम्हांस खरा धक्का दुसऱ्या आकड्याने बसला. तोंडात धरण्याची तंबाखू ज्या मुलांनी कधी घेतली होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच घेतली होती. दहा वर्षांच्या आत मूल कोणत्या कॉलेजात जाते? त्याची सारी दुनिया घर, गल्ली आणि कोपऱ्यावरचे दुकान एवढीच असते.

आता या वयाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. बारा-तेरा वर्षांपासून मुलाच्या अंगात नवे बळ येते, मन उसळते, धाडस करावेसे वाटते. मेंदूतला धाव घेणारा भाग आधी जोमात येतो. आवर घालणारा, पुढचामागचा विचार करणारा भाग पुरा होण्यास पंचविशी उजाडते. बैल तरणा झाला, पण कासरा अजून वळला जात आहे, अशी ही अवस्था असते. त्या वयात जी चटक लागते ती मेंदूत खोल जाते आणि सुटण्यास जड जाते. पंधराव्या वर्षी दारूस लागलेला आणि तिशीत लागलेला, यांत पंधराव्या वर्षीचा फार लवकर आणि फार वाईट अडकतो. आपल्या राज्याच्या कायद्याने देशी व कडक दारू पिण्यास वयाची २५ वर्षे आणि बिअरला २१ वर्षे पुरी लागतात. कायदा पाळला जातो की नाही, ते जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या ओढ्यात पडलेल्या बाटल्या पाहून ज्याचे त्याने ठरवावे.

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी दोन कलमे ऐका. २००३ च्या तंबाखू कायद्याने १८ वर्षांखालील मुलास तंबाखूचा पदार्थ विकणे गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांत विकणेही गुन्हा आहे. म्हणजे तुमची पुडी घेण्यास पोर दुकानी गेले, तर त्याच्या हातात पुडी ठेवणारा दुकानदार त्याच क्षणी गुन्हेगार होतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम तर असे आहे की, डॉक्टरच्या सांगण्यावाचून मुलास दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जत्रेत "घे रे, एक घोट, मर्द हो" म्हणून पुतण्याच्या ओठास ग्लास लावणाऱ्या काकांनी हे कलम घरी गेल्यावर कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

काही बंधू म्हणतील, मुलाच्या चुकीसाठी आईबापास का धरता? त्यांना आम्ही याच गादीच्या एका राजाची आठवण देतो. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर इलाख्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न गेल्यास दरमहा एक रुपया दंड ठेवला. तो दंड कोणास होता? मुलास नव्हता, पालकास होता. महाराजांस ठाऊक होते की, मूल शाळेत जात नाही याचे कारण बहुधा मुलाजवळ नसते.

आणि दारूचे म्हणाल तर हा प्रश्न आपल्या चळवळीस नवा नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा केला, आणि गुत्त्यांचा पैसा सरकारी तिजोरीत पडू लागला. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून दारूच्या दुकानांस विरोध केला. पुढे गाडगेबाबा १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव कीर्तनांतून विचारत राहिले की, पोराबाळांच्या तोंडचा घास काढून गुत्त्यावर का नेता? कष्टकऱ्याच्या घामाचा पैसा एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने गुत्त्यावर काढून घ्यायचा, हे यंत्र आमच्या पणज्यांच्या वेळी जसे चालत होते, तसे आजही चालते. उसाचे बिल जमा झाले की त्या आठवड्यात कोणाच्या गल्ल्यात भर पडते, हे आम्ही सांगण्याची जरूर नाही. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याच अठरा-वीस वर्षांच्या पोरांस ढाब्यावर नेऊन जे पाजतात, त्यांची स्वतःची मुले त्या वेळी कोठे शिकत असतात याचीही जरा चौकशी करावी. पाजणारा मत मागतो, आणि आपण पोरगे देऊन बसतो.

येथे एक अडचणीची गोष्ट बोलली पाहिजे. तंबाखू आपल्याच रानात पिकते. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ साली भावासाठी महामार्ग अडवला, त्यांच्यावर गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या शेतकऱ्यांविरुद्ध आमच्या तोंडून अक्षर निघणार नाही, आणि बारीक पगारावर विड्या वळणाऱ्या बायांविरुद्धही नाही. विकणारा कंगाल, वळणारी कंगाल, खाणारा आजारी. श्रीमंत कोण झाले ते शोधा. पण पिकवतो म्हणून पोरास चारलीच पाहिजे असे कोठे आहे? धोतऱ्याचे झाडही रानात उगवते.

कारागीर बंधूंसाठी खास एक गोष्ट. २०१९ साली केंद्र सरकारच्या नशेविषयीच्या पाहणीचा अहवाल निघाला. त्यात असे आढळले की, हुंगण्याच्या नशेत मोठ्या माणसांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांचे प्रमाण जास्त आहे. मोठ्यांत शंभरांत अर्ध्याच्या आसपास, मुलांत शंभरांत एकाहून थोडे अधिक. बाकी कोणत्याही नशेत असे उलटे नाही. हे हुंगतात काय? पंक्चर काढण्याचे सोल्युशन, चपलेचा तळ चिकटवण्याचे सोल्युशन, रंगात घालण्याचे थिनर. ही सारी आपल्या कारखान्यांतली, आपल्या माडीवरची जिन्नस आहे. स्वस्त मिळते, तोंडास दारूसारखा वास येत नाही, आणि एखाद वेळी पहिल्याच खेपेस काळीज बंद पाडते. डबा कुलपात ठेवा. पोराच्या बोटांस, रुमालास, शर्टाच्या बाहीस तो उग्र वास येत असेल तर "कामाचा असेल" म्हणून सोडून देऊ नका. ते पोर कामास बसते तरी का, हे आधी पाहा.

तालमीविषयी बोलल्यावाचून कोल्हापुरात भाषण पुरे होत नाही. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, कुस्तीस आश्रय दिला. पेठेपेठेत तालमी होत्याच. पहाटे चारला उठवणारा वस्ताद, जोर-बैठका, लाल माती, खुराक, रात्री लवकर झोप. पोरगे रात्री नवाला कोठे आहे हे वस्तादाला माहीत असे, आणि वस्तादाला माहीत म्हणून पेठेला माहीत असे. पोरास बिघडायला वेळच राहत नसे. आज पुष्कळ ठिकाणी तालमीची पाटी आहे, मंडळ आहे, वर्गणी आहे, पण माती कोरडी आहे. शिवाय शरीर फुगवण्याच्या नादात काही पोरे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून सुया टोचून घेतात. त्यांतली एक सुई शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब पडू नये म्हणून असते. धडधाकट पोराने ती घेतली तर काळजाचे काय होईल, ते वेगळे सांगावे लागत नाही. अंगमेहनतीने कमावलेले शरीर आणि सुईने फुगवलेले शरीर यांतला फरक जुन्या वस्तादांनी पोरांस बोलावून सांगावा.

हे आम्ही जुन्याच्या लोभाने बोलत नाही. युरोपच्या उत्तरेस आइसलंड नावाचे बेट आहे. सारा देश मिळून आपल्या कोल्हापूर शहराएवढीही वस्ती नाही. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शंभरांत ४२ मुले मागल्या महिन्यात दारू पिऊन तर्र झालेली आढळली. २०१६ साली हा आकडा ५ वर आला. रोज सिगारेट ओढणारी मुले २३ वरून ३ वर आली. त्यांनी पोरांस भाषणे दिली नाहीत. खेळ, गाणे, नाच यांस सरकारी पैसा दिला, म्हणजे गरिबाचेही मूल संध्याकाळी कोठेतरी गुंतले. रात्री उशिरा लहान मुलांनी एकट्याने बाहेर राहू नये असा नियम केला. गावातल्या आईबापांनी एकमेकांस वचन दिले, आणि ते स्वतः पाळीपाळीने रात्री रस्त्यांवर फिरले. आईबापांनी आठवड्याच्या सुट्टीपुरते नव्हे, रोज थोडा वेळ मुलांबरोबर काढावा, यावर त्यांचा सर्वांत जास्त भर होता. मंडळी, हे आपल्या तालमीचेच शास्त्र आहे. पेठेच्या फुटबॉलच्या सामन्यास शाहू स्टेडियममध्ये जी गर्दी होते, तिच्या निम्मी माणसे जरी आठवड्यातून एक संध्याकाळ पेठेतल्या पोरांमागे उभी राहिली, तरी केवढे काम होईल!

आता घरात काय करावे, ते बोलू. पोरास पुडी आणण्यास धाडणे आजच्या आज बंद. तुम्हांस व्यसन सुटत नसेल, तर पोरास खरे सांगा: "मला सुटत नाही, म्हणूनच तू लावून घेऊ नको." बाप असे बोलला म्हणजे त्याची पत जाते असे समजू नका, उलट वाढते.

बहुधा आईस आधी कळते, आणि ती झाकते. बाप मारील या भीतीने झाकते. माउल्यांनो, तुमचे झाकणे आम्हांस समजते. परंतु बापांनो, ती झाकते याचे कारण तुमचा हात आहे. पोर नशेत असताना त्यास काही बोलू नका. सकाळी, त्यास अन्न गेल्यावर, चारचौघांत नव्हे, एकट्यास घेऊन बांधावर किंवा कामावर बसा, आणि विचारा, "कधीपासून? कोणाबरोबर? पैसा कोठून?" आणि मग गप्प बसा. आमच्या बापलोकांस विचारता येते, गप्प बसता येत नाही. "घरातनं हाकलीन" म्हणालात, तर ते ज्या टोळक्याकडे जाईल ते त्यास आनंदाने ठेवून घेईल.

दोस्तांत "नाही" म्हणणे पोरास अवघड जाते. त्यास सांगून ठेवा, "माझे नाव सांग. म्हण, आमचा बा तोंडाचा वास घेतो, जीव घेईल." बापाच्या नावाचा असा उपयोग होत असेल तर होऊ द्यावा. आणि एक वचन द्या: रात्री कितीही वाजता, कोठेही अडकलास, तर फोन कर, आम्ही न्यायला येऊ, वाटेत एक प्रश्न विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी. पिऊन चालवणाऱ्याच्या मागे बसून येण्यापेक्षा हे बरे. आणि १८ वर्षे पुरी होण्याआधी गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ पासून मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड आहे. पुन्हा पाहा, दंड बापालाच.

जे पोर पुरते अडकले असेल त्याची गोष्ट वेगळी. ते पाप नव्हे, आजार आहे, आणि आजारास वैद्य लागतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसरोग विभागात दाखवा. पुण्यास १९८६ सालापासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. १४४४६ हा सरकारी फोन फुकट आहे, नाव न सांगता विचारता येते. दारू एकाएकी बंद केल्याने कंप, भ्रम किंवा झटके येऊ लागले, तर भगताकडे नव्हे, तडक दवाखान्यात न्यावे. चहातून गुपचूप पाजण्याच्या पुड्या विकणारे फिरत असतात. रोग्यास न सांगता दिलेल्या औषधावर त्याने दारू घेतली, तर जिवावर बेतू शकते. गंडे, उतारे, अंगारे यांत पैसा घालू नका. कोणी पंढरीची माळ घालून दारू सोडली असेल तर त्याचे आम्ही अभिनंदनच करतो. निर्मिकाच्या आणि त्याच्यामध्ये दक्षिणा घेणारा कोणी नसला म्हणजे झाले.

आमचे बोलणे येथे पुरे. आता प्रश्न विचारा. आयाबहिणींनी आधी विचारावे. दरवेळी पुरुष आधी उठतात, आणि त्यांचे संपेपर्यंत सभेची वेळ संपते. ज्यांस चारचौघांत विचारणे नको वाटते त्यांच्यासाठी दाराशी कोरे कागद ठेवले आहेत. नाव लिहू नका, नुसता प्रश्न लिहा. पुढच्या अंकात उत्तर देऊ.