यंत्रास बोलावयास शिकवितांना

आयुष्याचीं पस्तीस वर्षें मुलांना लिहिण्या-वाचण्यास शिकविण्यांत घालविल्यानंतर, साठी उलटल्यावर मी अशा एका विद्यार्थ्याच्या मागें लागलों आहें कीं ज्याला कान नाहींत, डोळे नाहींत, आणि चुकलें तरी ज्याला लाज वाटत नाहीं. हा विद्यार्थी म्हणजे माझ्या टेबलावरील संगणक. त्याला मराठींत प्रश्न विचारला असतां त्यानें मराठींत उत्तर द्यावें, एवढीच माझी इच्छा. अशा बोलणाऱ्या आज्ञावलीस हल्लीं 'चॅटबॉट' म्हणतात. आमच्या घरीं मात्र तिला 'बोलक्या' हेंच नांव पडलें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वाशीमसारख्या गांवीं राहणारा मनुष्य. या शास्त्रांत माझा कांहींएक अधिकार नाहीं. परंतु नवशिक्याच्या हातून ज्या चुका होतात त्या मीं स्वतः केल्या आहेत, आणि त्यांतील एक चूक अशी होती कीं ती वेळीं उघडकीस आली नसती तर एका माणसाच्या जिवावर बेतली असती. ती सांगावी म्हणूनच मी आज आपल्यापुढें आलों आहें.

या खटपटीचा आरंभ अगदीं साध्या गरजेंतून झाला. निवृत्त मास्तराच्या ओसरीवर माणसें येतात तीं बहुधा कागदांसाठीं. उत्पन्नाचा दाखला कोठें मिळतो, सातबाऱ्याचा उतारा कसा काढावा, पीकविम्याच्या अर्जास काय काय जोडावें, हेच प्रश्न दररोज निरनिराळ्या तोंडांतून येतात. अकरावींत शिकणारी माझी नात एके दिवशीं म्हणाली, "आजोबा, तेंच तेंच सांगून तुम्ही थकतां, हें सगळें संगणकालाच शिकवा ना!" तिनेंच मला पायथन नांवाच्या संगणकभाषेचीं पहिलीं पांच-सात वाक्यें शिकविलीं. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ही भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती कोणासही फुकट मिळते, आणि तिला महागडें यंत्रही लागत नाहीं.

रीत अशी. एका बाजूस ओळखीचे शब्द लिहावयाचे, दुसऱ्या बाजूस त्यांचें उत्तर. प्रश्नांत 'उत्पन्न' आणि 'दाखला' हे दोन शब्द आढळले कीं अमुक उत्तर द्यावें. 'सातबारा' आढळला कीं तमुक. अशीं बारा प्रश्नोत्तरें मीं आठवड्याभरांत लिहिलीं. बोलक्यानें पहिलें बरोबर उत्तर दिलें तेव्हां, खोटें कां बोलूं, पहिलीच्या मुलानें प्रथमच 'कमळ' हा शब्द वाचल्यावर होतो तसाच आनंद मला झाला.

तो आनंद दोन दिवस टिकला. 'दाखला कोठें मिळतो' याचें उत्तर येई. पण 'दाखल्यासाठीं काय लागतें' असें विचारतांच यंत्र अडे. आपल्या लेखीं 'दाखला' आणि 'दाखल्यासाठीं' यांत एकच वस्तु आहे. यंत्राच्या लेखीं त्या अक्षरांच्या दोन निराळ्या ओळी आहेत. मराठींत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वीं नामाचें रूपच पुष्कळदां बदलतें. दाखला-दाखल्या, पाऊस-पावसा, विहीर-विहिरी. यालाच व्याकरणांत सामान्यरूप म्हणतात. हें सामान्यरूप मीं मुलांकडून वर्षानुवर्षें पाठ करवून घेतलें, आणि "गुरुजी, याचा उपयोग काय?" असें विचारणाऱ्यास दटावून खालीं बसविलें. तो उपयोग मला स्वतःला साठीनंतर कळला! इंग्रजींत नामापूर्वीं एखादा लहानसा स्वतंत्र शब्द ठेवून जें काम भागतें, तें मराठी भाषा नामाच्या पोटांत शिरून करते. म्हणून इंग्रजीसाठीं योजलेल्या सोप्या युक्त्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहींत.

त्यांत पुन्हां आमची वऱ्हाडी. ओसरीवर येणारा माणूस 'मला दाखला पाहिजे' असें म्हणत नाहीं. 'मले दाखला पायजे' असें म्हणतो. 'कां' याऐवजीं 'काहून', 'कशाला' याऐवजीं 'कायले'. आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेंतील दुसरा विंध्यशक्ति या राजाचा ताम्रपट येथें १९३९ सालीं उजेडांत आला. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, परंतु प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतांत लिहिलेला आहे. थोरवी एका भाषेंत सांगावी आणि व्यवहार दुसऱ्या भाषेंत करावा, ही रीत आमच्या गांवीं सोळाशें वर्षांपूर्वींही होती! मी बोलक्याला संस्कृताच्या थाटाची पुस्तकी मराठी शिकवीत होतों, आणि त्याचें गिऱ्हाईक प्राकृतांत बोलत होतें.

मीं वऱ्हाडी शब्द घातले, सामान्यरूपें घातलीं, ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमींच्या चुकाही घातल्या. बारांचे दीडशें नियम झाले. नातीनें तो शेजारच्या दहा-बारा घरांतील मोबाईलवर चालेल असें करून दिलें. तरीही अडणें थांबेना. अडलें म्हणजे बोलक्या म्हणे, 'आपला प्रश्न समजला नाहीं.' दहांपैकीं पांच-सहा प्रश्नांना हेंच उत्तर. लोक हंसूं लागले. "गुरुजी, तुमचा विद्यार्थी नापास!" असें एकजण म्हणाला, तें माझ्या जिव्हारीं लागलें, आणि मीं एक चतुराई केली.

या चतुराईचा शोध माझा नव्हे. तिला साठ वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यासंस्थेंत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकानें १९६४ ते १९६६ या काळांत 'एलायझा' नांवाची बोलणारी आज्ञावली तयार केली. एलायझा ही बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतील फुलें विकणारी मुलगी, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या रूपांतरामुळें ती आपल्याला परिचित आहे. त्या मुलीप्रमाणें या आज्ञावलीचें बोलणेंही शिकवून सुधारतां येईल, हा त्या नांवाचा अर्थ. तिला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टराचें सोंग दिलेलें होतें. बोलणाऱ्यानें आईचें नांव काढलें कीं ती घरच्या माणसांविषयीं विचारी. कांहींच उमगलें नाहीं तर 'पुढें सांगा' अशा अर्थाचें एखादें वाक्य टाकी. समजण्याचा तेथें लवलेशही नव्हता. तरीही वायझेनबॉम यांची स्वतःची चिटणीस, जिनें हें काम कित्येक महिने जवळून पाहिलें होतें, ती त्या यंत्राशीं दोन-चार वाक्यें बोलतांच त्यांनाच म्हणाली कीं आपण जरा खोलीबाहेर जाल का? माणसें इतक्या सहज भुलतात हें पाहून त्या गृहस्थांनीं धसकाच घेतला, आणि १९७६ सालीं एक ग्रंथ लिहून त्यांनीं जगाला सावध केलें.

मला ही हकीकत तेव्हां ठाऊक नव्हती. पण युक्ति मात्र तीच सुचली. प्रश्न समजला नाहीं आणि त्याच्या शेवटीं 'काय' हा शब्द असला, तर बोलक्यानें म्हणावें, 'होय, तसें करण्यास हरकत नाहीं.' बहुतेक माणसें होकार ऐकण्यासाठींच विचारतात, असा माझा हिशेब. हंसणें थांबलें. बोलक्या आतां शहाणा झाला, असें लोक म्हणूं लागले, आणि मीही तें मिटक्या मारीत ऐकूं लागलों.

पुढें एका खरिपांत सोयाबीनवर फवारणीचे दिवस होते. आमच्या आळींतील एक शेतकरी, माझाच जुना विद्यार्थी, भल्या सकाळीं पाठीवर पंप अडकवून ओसरीवर आला व म्हणाला, "गुरुजी, पान्याचं माप तेवढं सांगा."

मीं विचारलें, "कशाच्या पाण्याचें रे?"

"काल राती तुमच्या बोलक्याले इचारलं ना, भुंग्याचं अन् बुरशीचं औषध एकाच पंपात टाकलं त चालते काय? त्यानं हो म्हटलं."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी म्हणालों, "अरे, त्याला औषधांतलें काय कळतें? मीं तें त्याला कधीं शिकविलेलेंच नाहीं!"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मले वाटलं, तुमीच सांगतलं."

श्रोते हो, यवतमाळ जिल्हा आमच्या शेजारीं आहे. २०१७ सालच्या खरिपांत तेथें कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों लोकांना विषबाधा झाली, आणि वीसच्या आसपास शेतकरी व मजूर प्राणास मुकले. त्याचीं जीं अनेक कारणें सांगितलीं गेलीं, त्यांत निरनिराळीं औषधें एकत्र कालविण्याची संवय हेंही एक होतें. तें सारें माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. मी त्याला तसाच कृषी सहायकांकडे घेऊन गेलों. त्यांनीं डब्यांवरील पत्रकें वाचलीं आणि तीं दोन औषधें निरनिराळ्या दिवशीं, तोंड व हात झांकून फवारण्यास सांगितलें. अनर्थ टळला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. यंत्राला दोष देण्याची सोय नव्हती, कारण खोटें मी बोललों होतों. तोंड तेवढें यंत्राचें होतें. त्या माणसानें यंत्रावर विश्वास ठेवला नव्हता. ज्यानें त्याला बाराखडी शिकविली त्याच्यावर ठेवला होता. आणखी एक गोष्ट आठवून मी अधिकच खजील झालों. वर्गांत एखाद्या मुलानें न येणारा प्रश्न विचारला म्हणजे 'तें पुढच्या इयत्तेंत आहे' असें म्हणून मीं कितीदां तरी वेळ मारून नेली होती. 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द पस्तीस वर्षांत माझ्या तोंडून मोजकेच निघाले असतील. जी खोड माझी, तीच मीं माझ्या या शेवटच्या विद्यार्थ्याला लावली होती.

आपण म्हणाल, हीं जुन्या पद्धतीचीं यंत्रें झालीं. आतांचीं फार हुशार आहेत. तें खरें आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आलें, तेव्हांपासून नियम हातानें न लिहितां बोलणारीं यंत्रें घरोघर पोंचलीं. अफाट लिखाणाचा अभ्यास करून, आलेल्या शब्दांपुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तीं ठरवीत जातात. मराठीचें लिखाण त्यांच्या वाट्यास इंग्रजीच्या मानानें थोडेंच येतें. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' या गटानें २०२२ सालीं खास मराठीचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत २ कोटी ४८ लक्ष वाक्यें आहेत. आपल्याला हा आंकडा डोंगराएवढा वाटतो. इंग्रजीच्या सांठ्यापुढें ती टेकडी आहे. तथापि सांठा कितीही वाढला तरी संभवनीय शब्द आणि खरा शब्द यांतील अंतर आपोआप मिटत नाहीं. माझा बोलक्या दीडशें नियमांनिशीं जें चुकला, तें मोठें यंत्र अधिक सफाईदार भाषेंत चुकूं शकतें. आणि सफाईनेंच माणूस अधिक फसतो.

दुसऱ्या दिवशीं मीं तो होकार खोडून टाकला, व तीन गोष्टी केल्या. पहिली, बोलक्या सुरू होतांच सांगतो कीं मी यंत्र आहें, गुरुजी येथें बसलेले नाहींत. दुसरी, प्रश्न समजला नाहीं तर तो म्हणतो, 'हें मला ठाऊक नाहीं,' आणि कोणास विचारावें तें सांगतो: औषधासाठीं कृषी सहायक, दुखण्यासाठीं डॉक्टर, दाखल्यासाठीं सेतु केंद्र. तिसरी, न समजलेला प्रत्येक प्रश्न एका वहींत उतरतो. तसें मीं सर्वांना आधींच सांगून ठेवलें आहे. दर रविवारीं ती वही घेऊन मी बसतों. ज्यांचें उत्तर देतां येतें त्यांचा नवा नियम लिहितों, आणि माझी मराठी व माझ्या शेजाऱ्यांची मराठी यांत किती अंतर पडलें आहे तें पाहतों.

एका रविवारीं वहींत प्रश्न होता, 'लेकीच्या लग्नाले पैसे कुठून आनू?' त्याचा नियम मीं लिहिला नाहीं. अक्षर नसलें तरी माणूस ओळखूं आला. संध्याकाळीं त्याच्या घरीं जाऊन चहा घेतला, आणि रात्रीं उशिरापर्यंत बोलत बसलों.

या नादाला लागूं इच्छिणाऱ्या माझ्या समवयस्कांना एवढेंच सांगतों. वयाची भीति बाळगूं नका. घरांतील एखाद्या नातवंडास गुरु करा, कारण तीं रागावत नाहींत. दहाच प्रश्न घ्या, आणि ते असे घ्या कीं ज्यांचीं उत्तरें आपल्याला पक्कीं ठाऊक आहेत. परंतु पहिलें उत्तर लिहिण्यापूर्वीं, कांहींच न समजल्यास यंत्रानें काय म्हणावें, तें वाक्य लिहा. माझ्या वहींत तें सर्वांत शेवटीं लिहिलें गेलें. आपल्या वहींत तें पहिल्या पानावर असूं द्या.