सोन्याचे आरसे
(विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी मुलांस उपदेश पुष्कळ होतो. आम्ही मात्र आज मुंबईत घडलेल्या एका दुर्बिणीची हकीकत सांगणार आहो.

क्ष-किरण म्हटले की मोडलेल्या हाडाचे छायाचित्र आठवते. परंतु अंतराळातील अतितप्त वायूतून, कृष्णविवरात ओढल्या जाणाऱ्या द्रव्यातूनही हे किरण निघतात. पृथ्वीचे वातावरण ते अडविते. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. पण नेहमीच्या आरशावर ते समोरून पडले तर परत न फिरता आत शिरतात. चपटा खडा पाण्यावर तिरपा फेकला तर उड्या घेत जातो, सरळ टाकला तर बुडतो. तद्वत् हे किरणही अत्यंत तिरपे आले तरच परततात. या तत्त्वावर आरशांची रचना कशी करावी, हे जर्मन शास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी १९५२ साली दाखविले.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय वेधशाळेसाठी अशी दुर्बीण सिद्ध झाली. गुळगुळीत काचेवर सोन्याचा सूक्ष्म थर चढवावयाचा आणि तो ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उतरवून घ्यावयाचा, अशी ही कृती. तिरप्या आरशाच्या वाट्यास किरण थोडेच येतात. म्हणून एकात एक ४० वलये बसविली. आरसे झाले ३२०! कॅमेऱ्याच्या कामी इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाचे साह्य झाले.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले. तरीही दुर्बिणीने लगेच डोळा उघडला नाही. नाजूक आरशांवर व कॅमेऱ्यावर मलिन थर बसू नये म्हणून सुमारे महिनाभर धीर धरावा लागला. २६ ऑक्टोबरला तिने पहिले दर्शन घेतले.

श्रोतेहो, यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे. पण हाताचे कसबही तितकेच आहे. पत्र्याचा आकार किंचित बिघडला तर प्रतिमा पुसट होते, तेथे मोठमोठ्या पदव्या काय करणार? आणि आपल्या घरांत मात्र मुलाने कानस हाती धरली की आईबापांचे तोंड उतरते! आमच्या वर्गांत उत्तम हाताची मुले होती; केवळ गुण कमी पडले म्हणून ती मागे राहिली, याचे आम्हांस आजही वाईट वाटते.

म्हणून चालकांस आमची नम्र विनंती आहे की, विद्यानिधीचा काही भाग यंत्रकाम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा.