जोबऱ्याचे ८५६ टके

चितगांव विद्यापीठाशेजारीं जोबरा नांवाचें खेडें आहे. मुसलमान, हिंदु व बौद्ध यांच्या वस्त्या तेथें निरनिराळ्या. १९७४ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस विद्यार्थ्यांसह त्या वस्त्यांतून हिंडूं लागले. बौद्ध वस्तींत जातांना तेथलाच एक बौद्ध विद्यार्थी पुष्कळदां बरोबर असे. परक्या दारांत ओळखीचा माणूस लागतोच.

एका घरीं बांबूचे मोढे विणणारी बाई भेटली. बांबूसाठीं ती व्यापाऱ्याकडून पांच टके घेई आणि मोढे त्यालाच, तो ठरवील त्या भावानें, विकी. दिवसाची मिळकत अवघी पन्नास पैसे! अशा ४२ जणांची यादी झाली. साऱ्यांची गरज मिळून ८५६ टके. ती रक्कम १९७६ सालीं युनूस यांनीं पदरची दिली.

त्यांतूनच १९८३ मध्यें ग्रामीण बँक उभी राहिली. पांच जणांचा गट, आठवड्याचा हप्ता, तारण मुळींच नाहीं. २००६ सालीं बँकेस व युनूस यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें यथायोग्यच. उपाशी शेजाऱ्यांत सलोखा फार दिवस टिकत नाहीं. मात्र श्रोत्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, हें दान नव्हे, कर्जच आहे. हप्त्याचा दिवस येथेंहि चुकत नाहीं.