मुलांचा दमा आणि फुंकरीची परीक्षा

थंडी पडू लागली की वर्गातले एखादे पोर खोकू लागते. रात्री ढास वाढते, पळापळ केली की छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, आणि चार दिवसांनी पाहावे तर ठणठणीत! आजी म्हणते, "बाळदमाच तो, वयात आला की जाईल." गुरुजींना वाटते, कवायत चुकवतोय. हा दमा आहे की दुसरे काही, हे पाहण्याची एक तपासणी आहे. तिच्यात सुई नाही, रक्त नाही. मुलाने नुसते फुंकायचे.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, आवळतात, आणि अडते ते मुख्यतः श्वास सोडताना. बादलीतले पाणी भसकन ओतता येते, पण सुरईतले तेवढेच पाणी रेंगाळत येते ना? तसेच हवेचे होते. जॉन हचिन्सन ह्या इंग्रज डॉक्टराने १८४६ साली फुंकलेली हवा मोजण्याचे यंत्र जगापुढे मांडले. स्पायरोमीटर हे नाव त्याचेच. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा हिशेब मात्र शंभर वर्षांनंतरचा, आणि दम्यात तोच कामाचा.

नाकाला चिमटा लावतात. मुलाने छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, आणि जोराने, हवा संपेपर्यंत फुंकायचे. असे निदान तीनदा. मग इन्हेलरने नळ्या मोकळ्या करणारे औषध देतात, दहापंधरा मिनिटे थांबतात, आणि पुन्हा फुंकायला लावतात. खरी मेख इथे आहे. पहिल्या सेकंदाला आधी १ लिटर हवा निघत होती आणि आता १ लिटर १२० मिलिलिटर किंवा जास्त निघाली, म्हणजे शंभराला बाराची वाढ झाली, तर दम्याचा संशय बळावतो. पाचसहा वर्षांच्या आतल्या मुलांना हे सहसा साधत नाही. तिथे डॉक्टर आईला विचारून आणि औषधाचा गुण पाहूनच ठरवतात. मोठी मुलेसुद्धा पाहुण्यांपुढे पाढे म्हणायला उभी केल्यासारखी बावरली, तर आकडे फसवे येतात. तेव्हा रागावू नका.

पण एवढे ऐकाच. दमा लपंडाव खेळतो. बरे असलेल्या दिवशी फुंकले तर कागद अगदी स्वच्छ येईल. तेवढ्यावरून "दमा नाही" म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये.

म्हणूनच पीक फ्लो मीटर नावाची छोटी नळी उपयोगी पडते. ती स्वस्त असते, वीज लागत नाही. सकाळ-संध्याकाळ तीनतीनदा फुंकायचे, मोठा आकडा वहीत लिहायचा, असे दोन आठवडे. आकडे फार वरखाली झाले, तर ती वही डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. शिक्षकबंधुभगिनींनो, धावल्यावर खोकला आला का, फळा पुसताना आला का, हे तुम्हीच त्या वहीत लिहू शकाल, कारण त्या वेळी आईबाप शेतावर असतात.

आणि मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ काळेनिळे दिसत असतील, तर त्याला फुंकायला लावत बसू नये. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर लगेच द्यावा, आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.