सोडलेली विडी सुटलेलीच राहावी म्हणून

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

सर्वांना सविनय जयभीम.

व्यसनमुक्तीवर बोलायला मंडळाने डॉक्टरांऐवजी आम्हाला उभे केले, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही म्हणजे याच वस्तीतले चौघे. एक बँकेत कारकून, एक एस.टी.त वाहक, एक शाळेत शिपाई आणि एक रंगकाम करणारा. चौघांनी मिळून ऐंशीएक वर्षे विड्या-सिगारेटी ओढल्या, एवढीच आमची पात्रता. लिहून वाचण्याचे काम कारकुनाकडे आले. म्हणणे मात्र चौघांचे आहे.

सुरुवातीला आपण जयभीम म्हणालो. हे अभिवादन समाजात रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनीच आपल्या भागातल्या विडी मजुरांची संघटना बांधली. घरोघरी तेंदूच्या पानात तंबाखू वळणाऱ्या आपल्या बांधवांना ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सोडवावे, ही त्यांची तळमळ. १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली अवघ्या पस्तिशीत क्षयाने गेले. तेव्हा विडी आपल्याला परकी नाही. ती मजुरी म्हणून घरात आली आणि सवय म्हणून राहिली. विडी वळून लेकरे शिकवणाऱ्या माउलीविरुद्ध आज आम्हाला एक शब्दही बोलायचा नाही. आमचे भांडण आमच्याच हाताशी आहे.

विडी पानाची, म्हणून सौम्य, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. ते खोटे आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते, आणि धूर खोल जातो. धूम्रपान करणाऱ्याला क्षयाचा धोका अधिक असतो, हे आता सिद्ध झाले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे आढळले, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. म्हणजे हा विशेषकरून गरिबाच्या छातीचा प्रश्न आहे.

आता शीलाविषयी. कोणी म्हणते, पाचव्या शीलात मद्य आहे, विडी कुठे आहे? बरोबर आहे. तथागतांच्या काळी या देशात तंबाखूच नव्हती. ती अमेरिका खंडातली वनस्पती, पोर्तुगीजांनी इकडे आणली. विडीने दारूसारखी शुद्धही हरपत नाही. पण रात्री अकरा वाजता काडेपेटी सापडेना म्हणून घरच्या माणसांवर ओरडणारा माणूस स्वतःचा मालक असतो का? तृष्णा म्हणजे काय, हे आम्हाला ग्रंथाआधी विडीने शिकवले.

२०१८ च्या आषाढ पौर्णिमेला आम्ही चौघांनी याच विहारात विडी सोडली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. डोके जड, झोप नाही, शौचाला त्रास, खोकला उलट वाढलेला. वाहकाचे प्रवाशांशी सुट्ट्या पैशांवरून भांडण झाले, कारकुनाने एका म्हाताऱ्या पेन्शनरला विनाकारण झिडकारले. दोन आठवड्यांनी बरे वाटू लागले. आम्हाला वाटले, जिंकलो.

सदतिसाव्या दिवशी वस्तीत मयत झाली. गेलेले काका सगळ्यांच्या ओळखीचे. शेवटची दोन वर्षे त्यांना खाटेवरून मोरीपर्यंत जाताना धाप लागायची. घाटावर सरण रचले गेले, आणि नेहमीप्रमाणे विडीचा कट्टा अन् काडेपेटी फिरू लागली. नाही म्हणणे बरे दिसेना. एकाने घेतली, मग दुसऱ्याने. चौघांनीही घेतली. काका ज्या विडीने गेले, ती त्यांच्याच सरणाजवळ उभे राहून ओढताना आमच्यातल्या कोणाला काही वाटले नाही. ते रात्री वाटले.

त्यानंतर जे केले, ते मूळ चुकीपेक्षा वाईट. आम्ही लपवले. नऊ महिने चोरून ओढली. बडीशेप खाऊन घरी जायचे आणि समजायचे की कोणाला कळत नाही. घरच्या मंडळींना पहिल्या दिवसापासून कळत होते. विहारात येणेही आम्ही टाळू लागलो, कारण तिथे आमचा फोटो लावलेला होता.

शेवटी वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आम्हाला गाठले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही दर रविवारी पंचशील घेता. मागच्या रविवारी घेतलेले होते ना? मग पुन्हा का घेता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे भन्तेजींकडून समजले की शील हे शिक्षापद आहे. ती शिकवण आहे, आणि शिकणारा चुकतो. म्हणून ते पुन्हा पुन्हा ग्रहण करायचे. भिक्षुसंघातही उपोसथाच्या दिवशी एकत्र जमून झालेले दोष लपवू नयेत, ते सांगावेत, असा नियम आहे. आम्ही मात्र एकदा शपथ घेऊन वर्षभर तिच्यावर झोपायला निघालो होतो.

२०१९ च्या बुद्ध पौर्णिमेला पुन्हा सोडली. या वेळी फोटो नाही. ठरले ते एवढेच की दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास बसायचे आणि प्रत्येकाने खरे सांगायचे. त्या बैठकांतून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिले, तलफ येते तशी जाते. ती काही मिनिटांची असते. तिच्याशी भांडू नये. घड्याळाकडे पाहावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, घोटभर पाणी प्यावे. अनित्यता याहून सोप्या रीतीने कोणी शिकवू शकणार नाही.

दुसरे, जागा आणि वेळ ओळखावी. चहा आणि विडी यांची गाठ पक्की असते. कारकुनाने दोन महिने टपरीवरचा चहा बंद केला, मार्चअखेरच्या कामाच्या दिवसांत सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले, "मला देऊ नका, मी मागितली तरी." वाहकाने खिशात फुटाणे ठेवले.

तिसरे, वाचलेले पैसे डोळ्यांना दिसू द्यावेत. आम्ही आवर्ती ठेव उघडली. पहिल्या वर्षाअखेर शिपायाच्या मुलीची शिकवणीची फी त्यातून भरली गेली.

चौथे, विडी सोडून खर्रा धरू नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा गल्लोगल्ली घोटला जातो. निकोटीन तेच, फक्त छातीऐवजी तोंड धोक्यात.

पाचवे, एखादी विडी ओढली गेलीच तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. एका विडीने माणूस परत जात नाही, लपवण्याने जातो.

ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांनी लाजू नये. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक पाकिटांवरच छापलेला असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधेही मिळतात. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्याने उतरतो. म्हणजे उशीर कोणालाच झालेला नाही.

एक गोष्ट लपवली तर आमचा नियम मोडेल. चौघांपैकी तिघांची विडी तेव्हापासून सुटलेली आहे. चौथ्याची नाही. २०२० च्या टाळेबंदीत रंगकाम थांबले, घरात बसून दिवस जाईना, आणि तो परत ओढू लागला. पण तो दर पौर्णिमेला येतो आणि खरे सांगतो. आजही समोर बसला आहे, आणि हे सांगा असे त्यानेच सुचवले. म्हणून आम्ही अजूनही चौघेच आहोत.

शेवटी मंडळाला एक विनंती. विडी सोडणे हे एकट्याचे काम आहे. सुटलेली राखणे हे वस्तीचे. आजपासून आपल्या कोणाच्याही मयतीत, साक्षगंधात वा लग्नात विडीचा कट्टा आणि खर्ऱ्याची पुडी फिरवायची नाही, असा ठराव मंडळाने करावा. शोकात आलेल्या माणसाला पाणी द्या, चहा द्या, जवळ बसा. त्या दिवशी घाटावर तो कट्टा फिरला नसता, तर आमचे नऊ महिने वाचले असते. आणि कदाचित आमचा चौथा भाऊही.

नमो बुद्धाय. जयभीम.