वरून दिसतं ते खाली काऊन?
(शाळेच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला सांगितलं, 'शाळेनंतरच्या प्रवासाबद्दल पाच मिनिटं बोल.' प्रवास तर आपल्या सगळ्यांचाच झाला आहे. मी फक्त कॉलेजच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलते. कारण त्या वर्षातली एक गोष्ट मी आपल्या भूमितीच्या बाईंपासून लपवली होती, आणि बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

1994 साली आपण दहावी झालो. भूमितीत मला पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा बाई पेढे घेऊन घरी आल्या होत्या. दोन वर्षांनी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. धरमपेठेतून सायकलवर निघायचे, पाठीला ड्रॉइंग शीटची नळी आणि कॅरिअरला मिनी ड्राफ्टर. गल्लीतले लोक कौतुकानं बघायचे.

वर्गात मात्र वेगळंच होतं. शाळेत आपण एकमेकांना घरच्यांसकट ओळखायचो. कुणाचा गृहपाठ राहिला तर त्याचं कारणही बाईंना ठाऊक असायचं. तिथे मी एक हजेरी नंबर होते. अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली होती, पण ती क्लासच्या नोट्स पाठ करून. इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं. उभं राहून प्रश्न विचारता येत नव्हता. मनात वाक्य जुळेपर्यंत सर फळा पुसून पुढे गेलेले असायचे. मग मी मान डोलवायला शिकले.

पहिल्या टेस्टला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये 20 पैकी 4 मिळाले. त्याच आठवड्यात गोकुळपेठच्या बाजारात बाई भेटल्या. "काय गं, ड्रॉइंग तर तुला सोपंच जात असेल. भूमिती पक्की आहे तुझी!" मी म्हटलं, "हो बाई, एकदम सोपं." त्यानंतर कितीतरी दिवस मी गोकुळपेठेत भाजीला गेले नाही. आईला म्हणायचे, बर्डीवरून आणते.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण चंद्रपूरकडची होती. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीही नागपूर विद्यापीठातच होतं. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झालं. तिकडच्या बऱ्याच मुली होस्टेलवर असायच्या. रात्री एसटीडीचे दर कमी झाले की बूथवर रांग लावून घरी बोलायच्या. माझं घर सायकलनं पंधरा मिनिटांवर, तरी मी हरवलेली. मग तिचं काय होत असेल, हा विचारही माझ्या डोक्यात आला नव्हता.

टेस्टच्या शीट परत मिळाल्या त्या दिवशी ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "सर, वरून दिसते ते खाली काऊन काढायचं? समजून नाही राहिलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एक वही काटकोनात उघडली. एक पान उभं, एक आडवं, आणि आडव्या पानावर खडूचा डबा. म्हणाले, "समोरून बघा, डब्याची आकृती मागच्या उभ्या पानावर पडते. वरून बघा, ती खालच्या आडव्या पानावर पडते. आता वही सपाट करा." डबा उचलून त्यांनी आडवं पान खाली दाबलं. वरून दिसणारी आकृती आपोआप समोरच्या आकृतीच्या खाली आली. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन म्हणजे एवढंच! आमच्या बाई पुठ्ठ्याची खोकी उलगडून दाखवायच्या, तीच भूमिती होती ही. मला ती येत होती. नुसतं 'समजलं नाही' म्हणायचा अवकाश होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू काऊन नाही विचारत व? तुलाबी कुठे समजलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर आम्ही चौघी होस्टेलच्या मेसमध्ये बसून आधी मराठीत भांडायचो आणि मग उत्तर इंग्रजीत लिहायचो. सगळं काही सुरळीत झालं नाही. त्या वर्षी गणित राहिलंच. ते पुढच्या परीक्षेत निघालं. बाई, ते गणितही मी तुमच्यापासून लपवलं होतं.

आज माझ्या टीममध्ये नवी मुलं येतात. काहीजण तशीच मान डोलवतात. ती मान मी ओळखते. म्हणून 'समजलं का?' असं मी विचारत नाही. 'आज काय समजलं नाही?' असं विचारते. 2021-22 पासून एआयसीटीईनं मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे. चांगलंच झालं. पण पुस्तक कोणत्याही भाषेत असो, हसण्याची भीती न बाळगता उभं राहणं मुलांना आधी जमायला हवं.

आपल्यापैकी अनेकांची मुलं यंदा पहिल्या वर्षाला आहेत. शाळेतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांतली कितीतरी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी असतात. माझा फोन नंबर मी आज शाळेच्या ऑफिसमध्ये लिहून ठेवते आहे. आपल्या बॅचमधल्या आणखी दहा जणांनी तरी ठेवावा. मुलांनी मराठीत फोन करावा, इंग्रजीत करावा, नागपुरीत केला तर फारच छान.

आणि बाई, ड्रॉइंग अजिबात सोपं नव्हतं. 20 पैकी 4 होते. आता मला गोकुळपेठेत भाजीला जाता येईल.