गिळण्याच्या विकारांची दुर्बिणीने तपासणी

जेवताना बोलू नये, ठसका लागेल, ही ताकीद घरोघरी दिली जाते. वास्तविक ठसका हे शरीराचे संरक्षण आहे. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची दारे अगदी लागून आहेत. घास चुकीच्या दाराने जाऊ लागला की खोकला त्याला बाहेर फेकतो. पक्षाघात वा कंपवात झालेल्या, तसेच घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या कित्येक रुग्णांत मात्र ही जाणीवच मंदावते. पाणी श्वासनलिकेत उतरते, ठसका लागत नाही. घरच्यांना वाटते, रुग्ण व्यवस्थित जेवला. आणि पुढे न्युमोनिया उद्भवतो.

हा प्रकार बाहेरून ओळखता येत नाही. बेरियम मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांनी चलच्चित्र घेण्याची पद्धत चांगली आहे. पण त्यासाठी रुग्णास यंत्रापर्यंत न्यावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे काय? १९८८ मध्ये अमेरिकेत सुसान लँगमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे लवचिक दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही तपासणी खाटेपाशीच होते. रुग्णाला रंग घातलेले पाणी, दही, बिस्कीट देतात आणि घशात काय घडते ते पडद्यावर पाहतात. (या दुर्बिणीला आधारभूत असलेल्या काचतंतूंच्या शास्त्रात पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचे संशोधन मोलाचे आहे. तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते, हे त्यांनी व हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये दाखविले.)

या साधनात एक मूळचीच उणीव आहे. ऐन गिळण्याच्या क्षणी घसा भिंगावर मिटतो, प्रकाश परावर्तित होतो आणि सुमारे अर्धा सेकंद पडदा पांढरा पडतो. जे पाहायचे तेच नेमके दिसत नाही! मग घशात मागे राहिलेल्या रंगावरून अनुमान करावे लागते. नव्या दुर्बिणींत तंतूंऐवजी टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा असतो. चित्र स्वच्छ दिसते, मुद्रण करून एकेक चौकट तपासता येते. तरीही तो पांढरा क्षण उरतोच. म्हणून पाहणाऱ्याची नजर घडविणे हे यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठरते. अन्न श्वासमार्गात किती खोल गेले आणि ते बाहेर टाकण्याचा प्रयत्न झाला का, हे मोजण्यासाठी १९९६ मध्ये ८ अंकांची श्रेणी मांडण्यात आली. त्यामुळे दोन तज्ज्ञांचे निष्कर्ष ताडून पाहता येतात.

या निष्कर्षावर बरेच अवलंबून असते. धोका निसटला तर फुप्फुसांना अपाय. उगाच धोका मानला तर तोंडाने जेवू शकणारा माणूस नाकातील नळीवर राहतो. हनुवटी खाली घेऊन, किंवा पातळ पाण्याऐवजी दाट पेय देऊन गिळणे सुधारते का, हे याच तपासणीत तत्काळ पडताळता येते.

येथे जमलेल्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावातील अशा रुग्णांकडे लक्ष ठेवावे. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणे, जेवण लांबत जाणे, वजन घटणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसताच रुग्णास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. तोपर्यंत त्याला आडवे निजवून काहीही भरवू नये.